बुजवलेली खिडकी

मार्च १९७४, सोमवार सकाळ. हजर: आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर, जेलरसाहेब, कंपाउंडर म्हणून मी, आणि क्षयाच्या तपासणीसाठी डावी बाही वर सारून रांगेत बसलेले कैदी. दुधनीचा गवंडी तेवढा उभा. भिंतीला कान लावून ती बोटांनी वाजवत होता.

सोलापूरच्या बाजूच्या त्या लहान तुरुंगात तो ठेकेदाराचं डोकं फोडून आला होता. "भिंती सरळ बांधल्या, हात तेवढा वाकडा पडला," म्हणायचा. दिवाळीला सुटणार होता. गावी स्वतःच्या घरावर छप्पर घालायचं राहिलं होतं.

तपासणीची सुई टोचली, त्या जागी गुरुवारी त्याचा हात फुगलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "जंतू आत आहेत, पण झोपलेत. तुला आजार नाही, तुझ्यापासून कुणाला धोकाही नाही. हवा मोकळी हवी."

त्याने स्वतःची छाती वाजवली. "झोपू द्या की मग. आमी न्हाय उठवत."

जेलरसाहेबांनी हात फुगलेले सगळे मागच्या बरॅकीत हलवले. तिथे रक्त थुंकणारे, खरे आजारी होते. डॉक्टरांनी विरोध केला, मीही केला. साहेब म्हणाले, "क्षय तो क्षय. झोपलेला काय न् जागा काय!"

पूर्वी कुणी पळाला म्हणून त्या बरॅकीची एकुलती खिडकी विटांनी बुजवली होती. गवंड्याने ती वाजवून शोधली. "कंपाउंडरसाहेब, छन्नी-हातोडा द्या. एका सकाळचं काम हाय. गज बी मीच बसवतो."

मी साहेबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. "कैद्याकडून तुरुंगाची भिंत फोडून घेऊ? अर्ज करा, बाहेरचा गवंडी येईल."

अर्ज केला. गवंडीही हसला. "मी कशाला पळू? दिवाळीला सायेबच दार उघडणार हायत की."

पावसाळ्यात तो खोकू लागला. डॉक्टर त्याच्या छातीवर बोटं वाजवत होते, तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"कसं वाजतंय?"

डॉक्टरांनी पुन्हा तिथंच वाजवून पाहिलं.

"भद्द वाजतंय न्हवं? ओल शिरली."

बायको त्याला न्यायला आली, ती दिवाळीच्या आधीच. बैलगाडीत गवत पसरून आणलं होतं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या त्याला त्यावर निजवताना गाडीवान म्हणाला, "लई हलका झालाय की."

आता एकोणऐंशी साल. शिल्लक कामांची यादी अजून मीच करतो. पहिलं काम: मागच्या बरॅकीची खिडकी उघडणे. त्यापुढे ऑफिसचा शेरा: गवंडी उपलब्ध नाही.