अस्वलाचं नाव आणि आबांचं

साक्रीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या झुलाल आबांना अस्वल चावलं होतं, म्हणजे अस्वल हा शब्द. चहाच्या टपरीवर कुणीही सापडो, आबा सुरू. रशियन माणूस अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतो, म्हणजे मध खाणारा. इंग्रजांचा ‘बेअर’ आणि जर्मनांचा ‘बेर’ म्हणजे म्हणे तपकिरी. उत्तरेकडची ही माणसं जंगलात राहायची, नाव घेतलं की अस्वल येतं म्हणून घाबरायची. टोपणनावं वापरता वापरता खरं नावच विसरली. ते उरलं ग्रीकांच्या ‘आर्क्टोस’मध्ये, लॅटिनच्या ‘उर्सुस’मध्ये आणि आपल्या ‘ऋक्ष’मध्ये. तोवर आमचा चहा गार व्हायचा.

या सगळ्यामागे आबांचं एक दुखणं होतं. त्यांची बायको, आमची कमलअक्का, लग्नापासून त्यांचं नाव घेत नव्हती. “मी काय अस्वल आहे का?” असं ते विचारत. अक्का म्हणे, “अस्वलं मध तरी खातस. तुम्हीन मनं डोकं खातस.”

गेल्या हिवाळ्यात आबांच्या मळ्यात बिबट्या आला. आबा कडुलिंबाच्या झाडावर, बिबट्या खाली सावलीत आडवा. बिबट्यालाही झाड चढता येतं हे आबांना ठाऊक होतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ते गप्प बसले. बांधावरून अक्काने वन खात्याला फोन लावला. मी शेजारीच होतो. समोर असताना त्या जनावराचं नाव आमच्याकडे कुणीच घेत नाही, मीही नाही.

“कोणतं जनावर आहे?” साहेबांनी विचारलं.

“ठिपकासवालं.”

“झाडावर कोण आहे?”

“आमना घरना.”

“नाव सांगा.”

“टक्कल शे, चष्मा शे, बोलस भलता.”

“बाई, दोघांपैकी एकाचं तरी नाव सांगा!”

माझा जीव टांगणीला लागला होता आणि हसूही आवरत नव्हतं.

शेवटी जीप आली. तिच्या आवाजाने बिबट्या उसात पसार झाला, पण आबा काही उतरेनात. भीतीने हातपाय गारठलेले, फांदीला मारलेली मिठी सुटेना. साहेबांनी समजावलं, मी शिव्या दिल्या. फांदी कडकडायला लागली, तशी अक्का पदर खोचून झाडाखाली गेली आणि ओरडली, “झुलाल! उतर खाले!”

आबा सरसर उतरले. अंगाची सालटी निघालेली, चष्मा वाकडा, तसेच तिच्यासमोर उभे राहिले. “आखो एकडाव झुलाल म्हन ना,” ते म्हणाले.

अक्काने पदराने डोळे पुसले.

“ते ठिपकासवालं परत वनं का म्हनसू.”