गॅलरीतून खाली सोडलेली वायर

जुन्या व्हॅनमध्ये मी गादी, पंखा आणि दिवा बसवून घेतला होता. पंख्या-दिव्यासाठी इंजिनाच्या बॅटरीशिवाय आणखी एक बॅटरी टाकली होती, आणि ती घरच्या विजेवर भरावी लागे. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हा नवराबायकोला सुरगाण्याला निघायचं होतं, मुक्काम गाडीतच. म्हणून आदल्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये वायर सोडली, चार्जर लावला. लाल दिवा लागलेला बघून कपडे बदलायला वर गेलो, कारण नेमकं त्याच दिवशी मनमाडला बायकोच्या भाचीचं लग्न!

नाशिकहून एसटी सुटली तेव्हापासून माझा जीव त्या वायरीला टांगलेला. चार्जर तापला तर? कुणी प्लग उपटला तर? अक्षता टाकायचंही भान राहिलं नाही, मुठीतच राहिल्या. पंगतीत मठ्ठा सदऱ्यावर सांडला.

"अहो, दोन घास नीट खा," बायको म्हणाली.

"तुला काय जातंय! तिकडे गाडी पेटली तर?"

पाठवणीच्या आधीच मी तिला ओढत स्टँडवर आणलं.

घरी पोचलो तो थेट पार्किंगमध्ये धावलो. चार्जरचा दिवा विझलेला, बॅटरी सकाळी होती तशीच रिकामी.

"कुणी बंद केलं हे?" मी ओरडलो.

बायको शांतपणे म्हणाली, "गावाला जाताना आपण घराचा मेन स्विच बंद करतो ना? तो नीट बंद झालाय का, ते बघायला तुम्हीच अर्ध्या जिन्यातून परत गेला होतात."