अक्काताईंची आंबील

बेळगावच्या विनोदिनीबाई मनाच्या आजारांच्या दवाखान्यात बावीस वर्षं समुपदेशक आहेत. पेशंटच्या घरी गेल्या की आधी एकच विचारतात, "आजवर यांचं कोण बघत आलंय?" आणि जे कोण असेल त्याला हात जोडतात. ही रीत त्यांना कॉलेजात नाही, खानापूरजवळच्या एका घराच्या सोप्यात मिळाली, तीही चांगली फजिती होऊन. त्या घरच्या अक्काताईंचं नाव काढलं की बाईंचा ऊर अजून भरून येतो.

नोकरीचं पहिलंच वर्ष. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, तशी गत. अक्काताईंचा धाकटा लेक जोतिबा याच्या कानात आवाज यायचे. शिवारातनं उठून कुठंही चालू लागायचा. औषधानं सावरला होता. बाई चौकशीला गेल्या, तर अक्काताई गोळी कुटून त्याच्या आंबिलीत कालवताना दिसल्या. झालं! दोन्ही सुनांसमोर बाईंनी त्यांना झाडलं, "माणसाला फसवून औषध देतात का? अडाणीपणा आहे हा!"

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं आंबील द्यायची सोडली. जोतिबाच्या बायकोनं गोळी पुढं केली, ती त्यानं भिरकावली. महिन्याभरात स्वारी पुन्हा रानोमाळ. हे बाईंना कळलं. सावरलेला माणूस हातचा जाणार, आणि तोही आपल्या जिभेपायी.

त्या परत गेल्या. भावानं शोधून आणलेला जोतिबा भिंतीशी बसला होता. ज्या सुनांसमोर बोलल्या होत्या त्यांच्याचसमोर बाई म्हणाल्या, "अक्का, चुकलं माझं. त्याला तुम्हीच सांभाळलंत. औषधही तुम्हीच द्या. फक्त चोरून नको, त्याला सांगून."

अक्काताई लेकाजवळ जाऊन बसल्या.

"जोत्या, तुज्या आंबिलीत गोळी असायची रं. मीच घालायची."

"ठावं हाय की, आये. लई कडू लागायचं."

"आनि तरी पीत हुतास?"

"तुज्या हातचं हुतं न्हवं?"

त्यानं हात पुढं केला. म्हातारीनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, तशी त्यानं पाण्याबरोबर गिळून टाकली. बाईंना तिथंच रडू फुटलं.

अक्काताई उठल्या, आत गेल्या, आणि आंबिलीची वाटी आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"प्या बाई," त्या म्हणाल्या. "ह्यात काय न्हाय घातल्यालं."