एका ठशाची दोन नाणी

कटरेभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा आला, तेव्हा मी इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या आमच्या शाळेत फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसलो होतो. "बाबा गेले, गुरुजी. सकाळीच." एवढंच ती बोलली. त्यानंतर हातातलं पान मी किती वेळ दाबून धरलं होतं कोण जाणे... खळ केव्हाच वाळली होती.

फुलचूरला मी भाड्यानं राहत असे, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी भाऊंचं फोनचं दुकान होतं. भिंतीवर एक रुपयाचा लाल फोन. संध्याकाळी ते त्याचा डबा उघडत, नाणी वर्तमानपत्रावर ओतत आणि भिंगाखाली एकेक नाणं बल्बाकडे तिरकं धरून बघत. टांकसाळीतल्या चुकीनं आकडा दुहेरी उमटलेलं, दुर्मीळ असं दुहेरी ठशाचं नाणं त्यांना एकदा तरी सापडायला हवं होतं. मलाही त्यांनीच शिकवलं. "ठसा ढिला असला का ठोकताना हलते. आकड्याच्या बाजूले चपटी पायरी पडते. ते खोटं. खऱ्यात ठसाच दुहेरी बनलेला राहते, दोनी आकडे गोल, भरीव. अन् त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर तसंच येते. खरं नाणं एकटं नसते, गुरुजी."

एकदा भाजीबाजारात मला एक घासलेला रुपया मिळाला. सालाचा शेवटचा आकडा दुहेरी, दुसरा किंचित खाली सरकलेला. मी धावतच दुकानात गेलो. भाऊंनी क्षणभर पाहिलं. "मशीन हलली. पायरी दिसून राहिली."

"भाऊ, पुन्हा बघा ना."

"काऊन? दोनदा पाह्यलं तर खरं होईल काय?"

फोनसाठी थांबलेले दोघे हसले. रागाच्या भरात मी तो रुपया तिथल्याच फोनमध्ये टाकला आणि चार घरांपलीकडे असलेल्या बायकोला विचारलं, "भाजी कोणती आणू?" भाजीची पिशवी माझ्या हातातच होती. पुढे महिनाभर मी दुकानाची पायरी चढलो नाही.

मग माझी बदली झाली, घरोघरी मोबाइल आले, लाल फोन भिंतीवरून उतरला. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो, तर भाऊ खाटेवर होते. उशाखालून त्यांनी काडेपेटी काढली. आत एक रुपया, तेच साल, आकडा दुहेरी, गोल, भरीव.

"दुकान बंद करायच्या आधी डब्ब्यात सापडलं. नवंकोरं होतं म्हणून कळलं. तुमचं घासलेलं होतं. घासून गोलाई चपटी होते, ते मी ध्यानात घेतलं नाही. अन् तुमचं नाणं मीच चहावाल्याले सुट्टे म्हणून देऊन टाकलं. तुमचा दुसरा आकडा कोणीकडे सरकला होता?"

समोरच्या नाण्यावर तो खाली सरकलेला होता. माझ्याही नाण्यावर खालीच होता. मला लख्ख आठवत होतं.

"वर, भाऊ," मी म्हणालो. "तुमचंच बरोबर होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले... मग म्हणाले, "चहा घ्या."

तेरवीला सुनंदानं भिंग आणि ती काडेपेटी माझ्या हाती दिली. नाण्याखाली घडी केलेली चिठ्ठी होती, अक्षर भाऊंचं. 'गुरुजींच्या नाण्याचं भावंड. त्यांलेच द्यावं. खोटं बोलता येत नाही त्यांले.'

आता भिंग माझ्या टेबलावर असतं. हाती आलेला प्रत्येक जुना रुपया मी उजेडाकडे तिरका धरतो, आणि दोनदा बघतो.