मास्तरांचा आतला खिसा

आमच्या घरात दूध संपलं तर चालतं, साबण संपला तर चालतो, काकडी संपली की मला धाप लागते. कारण काकडी संपली म्हणजे नवरा उपाशी. मला सवत आली तर ती हिरवी आणि लांबट असेल, असं लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी विचार केला असता.

नवरा म्हणजे मास्तर. शाळेतले नाहीत, कापडाचे. बाजाराच्या चौकात, औषधांच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं शिलाईचं दुकान आहे. माप मास्तर घेतात, कापतात मास्तर, मशीनवर दोन कारागीर बसतात, आणि काज, बटणं, इस्त्री माझ्याकडे. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. रागात असले की नुसतं ‘अहो’ म्हणते, आणि तेवढ्यावरून कारागीर खाली चहाला पळतात.

तर मास्तरांचं पोट सुटलं होतं. आता वयाप्रमाणे पोट सुटतं, त्यात काय एवढं? पण कापायच्या टेबलावर वाकले की पोट आधी टेकायचं आणि कात्री पलीकडे पोचायची नाही. एक दिवस पोटाने कापड सरकलं आणि एका कोटाचा खांदा वाकडा कापला गेला. मास्तरांच्या हातून! ते कापड त्यांनी घडी करून कपाटात ठेवलं, गिऱ्हाइकाला नवीन कापड आणून कोट शिवून दिला, आणि घरी येऊन मला म्हणाले, “आजपासून पीठ बंद, गोड बंद, शिजवलेलं बंद.”

“श्वास तरी चालू ठेवणार ना?” मी विचारलं.

डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, करून बघा, पण मधूनमधून तोंड दाखवत जा. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. कसलं काय! पालेभाजी, कोबी, मुळा, भोपळी मिरची, बदाम, अक्रोड, ओलं खोबरं, वर लिंबू पिळायचं, की झालं जेवण. गाजरसुद्धा नाही, का तर ते गोड. माझा भाऊ त्यांना ससोबा म्हणायला लागला. मास्तर शांतपणे म्हणाले, “ससा गाजर खातो. मी सशापेक्षा कडक आहे.” पण पोट गेलं हो, हे मान्य करायला हवं. आता टेबलावर आडवे होऊन कापतात तेव्हा मीसुद्धा इस्त्री बाजूला ठेवून बघते.

घरात हे सोपं होतं. खरी गंमत बाहेर जेवायला गेल्यावर. लोकांना आपल्या ताटात काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, शेजारच्याच्या ताटात काय नाही ते आधी दिसतं. “एवढंसं खाल्ल्याने काय होतंय?” “आमच्यासाठी एक घास!” “तब्येत बरी नाही का?” दुसरा कुणी असता तर एक तर चिडला असता नाही तर विरघळला असता. मास्तर दोन्ही करत नाहीत. हॉटेलात गेलो की वेटरला जवळ बोलावतात आणि म्हणतात, “तुम्ही ताटाच्या कडेला सजावट लावता ना, ती मला मोठ्या ताटात भरून आणा. मधलं जे असतं ते या बाईंना द्या.” वेटर हसतो, आत जातो, आणि खरोखर भरलेलं ताट घेऊन येतो. मग मास्तर खातात, गप्पा मारतात, दुसऱ्यांच्या पदार्थांचं कौतुक करतात. कुणाला उपदेश नाही, कुणाची माफी नाही. मी समोर बसून दोघांचं जेवते, आणि कुणी टोमणा मारला तर उत्तरही दोघांच्या वतीने देते.

आणि जिथे सजावटसुद्धा मिळायची नाही तिथे कामाला येतो तो खिसा. मास्तरांनी आपल्या कोटाला आतून, काखेखाली, एक खोल खिसा शिवलाय. आत पाणी न झिरपणारं अस्तर, वर झाकण, झाकणाला बटण. त्यात काकडीचे लांब तुकडे आणि बदाम बसतात, आणि बाहेरून कोटाला एक चुणी पडत नाही. त्याचं काज मीच केलंय, म्हणून सांगते, असलं काम दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

हे सगळं सुखाने चाललं होतं आणि आमच्या मुलीने लग्न ठरवलं. मुलगा सोन्यासारखा, पण बेकरीवाल्याचा. आता आली का पंचाईत! गावातली निम्मी हॉटेलं ज्यांचा पाव घेतात ते हे बेकरीवाले शेठ. त्यांची एक रीत सगळ्यांना ठाऊक होती. जेवायला बसले की ताजा पाव स्वतःच्या हाताने मोडायचा आणि टेबलावरच्या प्रत्येकाला आपल्या हाताने द्यायचा. मोठ्या मुलाच्या वेळी असंच एक स्थळ आलं होतं. त्या मुलीच्या बापाने पाव खाल्ला नाही म्हणे, आणि सोयरीक जेवणाच्या टेबलावरच मोडली. ही गोष्ट आमच्या मुलीला कुणीतरी सांगितली, आणि तिची झोप उडाली.

आणि शेठनी दोन्ही घरांना जेवायला बोलावलं, त्यांचाच पाव जातो त्या मोठ्या हॉटेलात.

मुलगी दुकानात आली. मास्तर शेठसाठी कोट शिवत होते, व्याह्याला भेट म्हणून. शेठ माप द्यायला येऊन गेले होते, कच्च्या शिलाईवर घालून बघायलाही येऊन गेले होते. ती टेबलाला टेकून म्हणाली, “बाबा, एक दिवस. एकच तुकडा. माझ्यासाठी.”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “बाळा, त्यांच्याकडे तू आयुष्यभर जाणार. मी पहिल्याच दिवशी खोटं वागलो तर पुढे प्रत्येक वेळी खोटं वागावं लागेल.”

“आणि लग्न मोडलं तर?”

“मोडणार नाही.”

“कशावरून?”

“मी माप घेतलंय त्यांचं,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा खडू उचलला.

मुलगी रडत घरी गेली. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, “अहो! पोरीच्या संसारापेक्षा काकडी मोठी झाली का?” त्यांनी कात्री उचलली. मी इस्त्री अशी आपटली की खालून औषधवाल्याने वर बघितलं.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही हॉटेलात गेलो. गोल टेबल, पांढरी चादर, खिडकीतून रस्ता दिसतोय. शेठ आडव्या हाडाचे, आवाज मोठा. विहीणबाई मात्र गोड, मला बघताक्षणी आवडल्या. त्यांचा मुलगा आमच्या मुलीशेजारी बसला आणि दोघंही परीक्षेला बसल्यासारखी गप्प. वेटरने पावाची टोपली आणली. काय सांगू तो वास! शेठ उभे राहिले, एकेक पाव हातात घेऊन मोडला, वाफ निघाली, आणि एकेकाच्या हातात देत सुटले. मला दिला. मुलीला दिला. मग मास्तरांसमोर हात आला.

मास्तरांनी तुकडा दोन्ही हातांनी घेतला. नाकाजवळ नेला, डोळे मिटले, वास घेतला. मग ताटात नीट ठेवला आणि म्हणाले, “शेठ, पाव उत्तम आहे, वासावरूनच कळतं. पण मी पीठ खात नाही. पोटामुळे कात्री चालेना म्हणून सोडलं, आता चालते, म्हणून धरून ठेवलंय. तुमचा मान मी घेतला. पाव माझी बायको खाईल.”

मुलीचे डोळे भरले, मी टेबलाखालून तिचा हात धरला. शेठ तसेच उभे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी मनात म्हटलं, झालं, उठा आता, पोरीचं वाटोळं करून घरी चला.

“कोट आणलाय म्हणत होतात ना?” शेठ कोरड्या आवाजात म्हणाले. “बघू.”

मास्तरांनी पिशवीतून कोट काढला. शेठनी अंगातला जुना कोट खुर्चीवर टाकला आणि नवा चढवला. काय बसला होता! खांदे, पाठ, कंबर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. शेठनी बटणं लावली, हात आत घालून अस्तर चाचपलं, आणि त्यांचा हात काखेखाली थांबला.

तो खिसा! झाकण, बटण, सगळं. मास्तरांनी स्वतःचा कोट घाईत व्याह्याला दिला की काय? पण मास्तरांचा कोट तर त्यांच्या अंगावर होता. आणि हे काज मी केलेलं नव्हतं, म्हणजे ते त्यांनी माझ्या नकळत केलं होतं. शेठनी झाकण उघडून आत बघितलं. मला बाजूने दिसलं, तेलकट कागदात गुंडाळलेले काकडीचे तुकडे आणि मूठभर बदाम.

“मास्तर,” शेठ हळूच म्हणाले, “हे काय?”

मास्तर जागेवरून न हलता म्हणाले, “माझी चूक. हाताला सवय लागलीय, माझ्या कोटाला असतो तसा तुमच्याही कोटाला शिवला गेला. उद्या उसवून देतो.”

आता ऐका. हा माणूस आयुष्यात चुकून एक टाका घालत नाही. चुकून खिसा शिवला आणि चुकून त्यात बदाम भरले? मला हे कळलं, तर शेठना कळलं नसेल? दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि तेव्हा माझं लक्ष शेठच्या ताटाकडे गेलं. सगळ्यांना पाव वाटणाऱ्या माणसाच्या ताटात चुराही नव्हता.

शेठ खाली बसले. त्यांनी आपला जुना कोट खुर्चीवरून ओढला, खिशात हात घातला, आणि शिळ्या पावाचे तुकडे काढून पांढऱ्या चादरीवर ठेवले. एका खिशातून, मग दुसऱ्या.

“डॉक्टरांनी पीठ बंद केलंय,” ते म्हणाले. “पावसाळ्याच्या आधीपासून. मी सगळ्यांना वाढतो म्हणजे मी खातोय की नाही हे कुणी बघत नाही. बेकरीवालाच पाव खात नाही हे कळलं तर लोक म्हणतील, यात काहीतरी घालत असणार.”

“आणि मी डब्यात रोज देते तो?” विहीणबाईंचा गोड आवाज एकदम चढला.

“कबुतरांना.”

“कबुतरांना! मी पहाटे उठून कबुतरांना डबा भरत होते?” विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला तरी सांगायचं होतं. मला!”

शेठनी मान खाली घातली. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, “त्या आधीच्या पाहुण्याने पाव खाल्ला नाही म्हणून मी नाही उठलो. त्याने खाल्ल्यासारखं केलं आणि रुमालात लपवला. मी म्हटलं, जो पावाच्या बाबतीत खोटं वागतो तो मुलीच्या बाबतीत काय वागेल? आणि आज मीच…” त्यांनी त्या तुकड्यांकडे बघितलं. “तुम्ही माझ्या तोंडावर नाही म्हणालात. वर माझ्यासाठी आळही अंगावर घेत होतात. तुमच्या घरची मुलगी मिळतेय, माझं नशीब मोठं.”

मुलगी आता उघड उघड रडत होती, आणि तो पोरगा तिला रुमाल द्यायचा सोडून पावाची टोपली देत होता. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या टेबलावर कळलं.

मग शेठनी वेटरला हाक मारली. तोच वेटर, रोज त्यांच्या बेकरीचा माल उतरवून घेणारा. आवाज पुन्हा मोठा झाला होता, चार टेबलांना ऐकू जाईल एवढा. “या मास्तरांना जे ताट देणार आहात, तेच मला. पाव या सगळ्यांना. मी खात नाही.” आणि ताट यायच्या आधीच त्यांनी खिशातली काकडी काढली आणि कचकन चावली.

मास्तरांच्या वाटणीचा पाव मी खाल्ला. नंतर शेठच्या वाटणीचाही. खोटं का बोलू, असा पाव मी जन्मात खाल्ला नव्हता.

घरी येताना रस्त्यात मी थांबले. “अहो!”

मास्तरही थांबले.

“तुम्हाला माहीत होतं. कधीपासून?”

“माप घेतलं तेव्हापासून. अंगातला कोट तेव्हाच ढगळ झाला होता. कच्च्या शिलाईच्या वेळी कंबर आणखी सैल झाली होती, आणि जुना कोट टांगायला घेतला तर खिशातून चुरा सांडला.”

“आणि मी इथे जिवाचं पाणी करतेय, पोरगी रडतेय, आणि तुम्ही मूग गिळून गप्प? मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?”

“माप घेताना पडद्यामागे टेपला जे कळतं ते पडद्याबाहेर न्यायचं नसतं,” मास्तर म्हणाले. “गिऱ्हाइकाचं असतं ते.”

“मी काय बाहेरची आहे? बायको आहे मी तुमची!”

“म्हणून तर,” ते म्हणाले. “तुझ्या कपड्यांची कडेची शिलाई दर वर्षी थोडी सोडतो, ते कधी कुणाला सांगितलं का? तुलासुद्धा?”

इतकी वर्षं मी भावजयीला अभिमानाने सांगत आले होते की लग्नातले कपडे मला अजून होतात. मास्तर पुढे चालायला लागले. मी झपझप जाऊन त्यांना गाठलं, आणि भर रस्त्यात, बाजारातली माणसं बघत असताना, त्यांचा हात धरला.