यिशुनच्या भुताची शाई

लोक सिंगापूरला बागा आणि मॉल पाहायला जातात. आम्ही एक भूत पाहायला गेलो. माझा नवरा सुधीर जुनी भयकथांची कॉमिक्स जमवतो. मुलं बिघडतात म्हणून अमेरिकेत या कॉमिक्सवर कात्री चालली, त्याआधीचा एक अंक सिंगापूरच्या यिशुन उपनगरातल्या टॅन नावाच्या अंकलना विकायचा आहे, असं त्याला कळलं. लगेच तिकिटं काढली.

वन-नॉर्थजवळ मावसबहिणीकडे उतरलो. बुओना व्हिस्टा स्टेशनहून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, घ्यायची, बिशानला बदलायची. यिशुनला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, आधी जेवून घ्या. पाच-सहा डॉलरांत पोट भरतं. जुन्या कागदाला तेलकट बोट चालत नाही म्हणून सुधीरने हात इतके धुतले, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी न मागता टिशू दिला.

टॅन अंकल सत्तरीपुढचे, एकटे राहणारे. त्यांनी एकाच अंकाच्या दोन प्रती मांडल्या. एक कोरी करकरीत. दुसरीत जिथे जिथे भूत, तिथे काळ्या शाईचा जाड डाग.

"ही माझी लहानपणची. आई आधी बघायची, वाईट वाटेल त्यावर ब्रश फिरवायची."

"वाचून?" सुधीरने विचारलं.

"तिला वाचता कुठे येत होतं, लाह!" अंकल अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाले. "चित्रं बघून."

एका चित्रात बाई दार उघडते, बाहेर नुसता डाग. "त्या डागापायी मी कित्येक वर्षं घराचं दार उघडलं नाही," अंकल म्हणाले. "मोठेपणी कोरी प्रत मिळवली."

त्यांनी तेच पान काढलं. दाराबाहेर लाल नाकाचं, पाणावल्या डोळ्यांचं भूत उभं होतं. पडसं झाल्यासारखं.

सुधीर म्हणाला, "शाईवाली द्याल? किंमत तुम्ही सांगा."

"नाही. आईला लिहिताही येत नव्हतं. तिच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे."

सुधीरने कोरी प्रत घेतली. परतीच्या गाडीत म्हणाला, "इतकी वर्षं शोधत होतो ते मिळालं." छत्री हरवल्याचं सांगावं, तसा आवाज.

पुण्याला घरी परतल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं. "याला घाबरायचं? याला काढा द्या."

सुधीरने भुतावर तळहात ठेवला. "आता सांग आई, दाराबाहेर कोण आहे?"

त्या हसल्या. मग बघत राहिल्या. हसू हळूहळू गेलं.

"हात काढ," त्या म्हणाल्या.