दादाला समजलं की झालं

घरचे तिला भिंगरी म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. एका जागी बसून तिनं कधी चहाचा कप संपवला नाही. बिस्किटांच्या कारखान्यात ती जनसंपर्क अधिकारी होती, म्हणजे कारखान्यानं जगाला काय सांगायचं ते ती लिहायची. भट्टी बंद पडली, बिस्किटात केस सापडला, की मोठे साहेब घाम पुसत तिला बोलावणं धाडायचे.

तिची एक पद्धत होती. लिहिलेलं प्रत्येक निवेदन ती आधी दादाला फोनवर वाचून दाखवायची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याच कारखान्यात, पॅकिंगमध्ये, खोकी चिकटवणाऱ्या मशीनवर. वाचून झालं की ती विचारायची, "समजलं?" दादा "समजलं" म्हणाला की कागद सहीला जायचा. "काय गं हे, दात पडतील बोलताना" म्हणाला की टोपलीत. साहेबांना वाटायचं मसुदे आपण मंजूर करतो. खरा मंजूर करणारा पाळी संपवून घरी बनियनवर भाजी निवडत बसलेला असायचा.

मग साथ आली. सगळं गाव दारं लावून बसलं, पण खाण्याचा माल म्हणून कारखाना चालू राहिला. पॅकिंगमधला एक आजारी पडला, पाठोपाठ आणखी दोघं. भिंगरी साहेबांच्या खोलीत गेली.

"पॅकिंग थोडे दिवस बंद ठेवू या, साहेब. तिघं आजारी आहेत."

"म्हणून तर निवेदन हवंय ना!" साहेब म्हणाले. "लोक बिथरले तर माल कोण भरणार? मी आणि तू?"

तिनं लिहिलं. "सर्व आवश्यक खबरदारी घेतली असून काळजीचं कारण नाही." 'आवश्यक' ठेवू की काढू यावर तिनं बराच वेळ डोकं शिणवलं. माणूस किती हुशार असतो बघा! वाक्य खोटं आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं, ते नीट बसतंय की नाही याकडे होतं.

जिना उतरता उतरता तिनं दादाला फोन लावला आणि भराभर वाचून दाखवलं.

"समजलं?"

"समजलं गं. बरं झालं बाई, आम्ही उगाच धसका घेतला होता."

"चल, ठेवते," म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा.

दादाच्या गल्लीतली निम्मी माणसं पॅकिंगमध्ये होती. कामावर जायचं की नाही, यावर दारादारांतून खल चालला होता. दादानं खिडकीतून सगळ्यांना सांगितलं, "भिंगरीनं स्वतः फोन करून सांगितलंय, काळजीचं कारण नाही." सकाळी डबे घेऊन गल्ली कामाला गेली. साहेबांच्या निवेदनावर विसंबून कुणी गेलं नव्हतं. सगळे दादाच्या भरवशावर गेले आणि दादा बहिणीच्या.

आठवडा उलटायच्या आत दादाला धाप लागली. गल्लीतल्या आणखी कितीतरी घरांत खोकला शिरला. दवाखान्याच्या फाटकाबाहेरून वहिनीचा फोन आला.

"आत सोडत नाहीत मला. वन्सं, तुम्हीच सांगितलं होतं ना हो त्यांना?"

"वहिनी, मी सांगत नव्हते. मी फक्त वाचून..." पलीकडे रस्त्यावर कुठलीशी गाडी मागे घेत होते, तिचा आवाज तेवढा येत राहिला.

भिंगरी पाय पोळलेल्या मांजरीसारखी घरभर फिरत राहिली. नळ सोडला, बंद केला. धुतलेली भांडी पुन्हा घासली. तिला स्वतःची शिसारी आली होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, लोकांना धीर देणारं दुसरं निवेदन हवं. तिनं चपला घातल्या आणि तडक दादाची गल्ली गाठली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती मोठ्यानं ओरडली, "पॅकिंगमध्ये साथ आहे! मी लिहिलं ते खोटं होतं! उद्या कुणी जाऊ नका!"

खिडक्या उघडल्या. दादाच्या शेजारची काकू म्हणाली, "आता सांगतेस होय?" आणि तिनं खिडकी लावून घेतली. काकूचा नवरा तोवर दवाखान्यात गेला होता. तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगला कुणीच आलं नाही, तेव्हा झक मारत ते बंद करावं लागलं. भिंगरीची नोकरी मात्र वाचली. खरं बोलणारीला काढलं अशी बोंब झाली तर ती निस्तरायला पुन्हा भिंगरीच लागली असती!

दादा घरी आला, पण अर्धा होऊन. चार पायऱ्या चढला की भिंत धरायचा. बहिणीला तो एका शब्दानं बोलला नाही आणि हेच तिला सोसवेना. काकू तर तिला पाहून अजून दार लोटून घेते.

साथ सरली. संकटात माणसं सांभाळली म्हणून कुठल्याशा संस्थेनं मोठ्या साहेबांचा सत्कार ठरवला. भाषण अर्थातच भिंगरीनं लिहायचं. तिनं ते लिहिलं आणि जुन्या सवयीनं दादाकडे गेली. फोन करायचा धीर आता तिला होत नसे. दादा खिडकीशी बसला होता. ती उभ्या उभ्याच वाचू लागली. "कारखाना यंत्रांनी चालत नाही, विश्वासानं चालतो. आमच्या एकेका माणसाची काळजी आम्ही घरच्यासारखी घेतली..."

वाचून झालं. "समजलं?" हा शब्द काही तिच्या तोंडून फुटेना. हातातल्या कागदाची ती उगाच घडी घालत राहिली.

दादानं दम खाल्ला. मग अगदी सहज, काही मनात न ठेवता विचारलं, "भिंगरे, हे तू मला सांगतेयस की वाचून दाखवतेयस?"

"वाचून दाखवतेय, दादा."

"हां," तो म्हणाला. "मग समजलं."